खेकड्यांच्या प्रजननातले हार्मोन आणि गंधसंकेत: प्रयोग करताना या चुका टाळा

डोळ्याचा एक देठ कापला, दोन-तीन आठवड्यांनी अंडाशय पांढरट होतं ते नारिंगी झालं, आणि वहीत ओळ आली: 'जीआयएच काढून टाकल्याने अंडाशयाची वाढ झाली.' बडोद्यात एमएस्सीच्या डिझर्टेशनसाठी खेकडा निवडणाऱ्यांच्या हातून होणारी पहिली चूक ही. अंडाशय वाढलं हे खरं असतं, पण दिलेलं कारण अर्धवट असतं. देठाबरोबर जीआयएच, म्हणजे अंडाशय रोखून धरणारं हार्मोन, गेलं. त्याच्यासोबत कात रोखणारं एमआयएच गेलं, रक्तातली साखर वाढवणारं सीएचएच गेलं, जबड्याजवळच्या मॅन्डिब्युलर ऑर्गन या ग्रंथीला आवरून धरणारं एमओआयएच गेलं. मादीच असल्यामुळे सीएफएसएचसुद्धा गेलं. मादीची जननरंध्रं आणि अंडी धरून ठेवणारे केस नीट घडवणारं हे हार्मोन ब्लू क्रॅबच्या देठातूनच शोधलं गेलं, २०१४ मध्ये. म्हणजे एका कात्रीत निदान पाच दोऱ्या तुटतात. अंडाशय त्यातल्या कुठल्या दोरीमुळे हललं, हे नुसत्या कात्रीने कळत नाही.

हा दोष प्रयोगपद्धतीचा नाही. १९४३ मध्ये पानूझ या संशोधकाने कोळंबीवर हेच करून अंडाशय वाढतं हे दाखवलं आणि सगळा विषय तिथून उभा राहिला. फक्त आजच्या वहीत निष्कर्ष लिहिताना 'देठातले घटक काढल्यामुळे' इतकंच लिहावं. जीआयएचचं नाव घ्यायचं असेल तर त्याचं शुद्ध पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा रेणू) परत देऊन वाढ थांबते का, ते दाखवावं लागतं.

जात न ओळखता सुरुवात

बाजारातल्या चिंबोरीला सरसकट 'सायला सेराटा' लिहिण्याची सवय जुनी आहे. १९९८ मध्ये या वंशाची फेरमांडणी होऊन चार जाती वेगळ्या झाल्या. त्याआधीच्या भारतीय शोधनिबंधांतली 'सेराटा' प्रत्यक्षात ऑलिव्हेशिया असण्याची शक्यता पुष्कळ असते, त्यामुळे त्यांतले डोस आणि हंगाम डोळे झाकून उचलू नका. ओळख सोपी आहे. सेराटाच्या कपाळावरचे दाते उंच आणि टोकदार, नांगीच्या मनगटावर बाहेरच्या बाजूला दोन ठळक काटे, सगळ्या पायांवर जाळीदार नक्षी. ऑलिव्हेशियाचे कपाळदाते बुटके-गोलसर, मनगटावर दुसरा काटा नाही किंवा नावापुरता, पायांवर नक्षी नाही. प्रत्येक प्राण्याचा कपाळाचा आणि मनगटाचा फोटो काढून ठेवा, परीक्षक विचारतातच.

ओढ्या-तळ्यांतले बॅरिटेल्फ्यूसासारखे खेकडे हा निराळा मामला. त्यांना झोइया, म्हणजे पाण्यात तरंगणारी अळीची अवस्था, नसते. अंडी मोठी आणि मोजकी, त्यांतून थेट पिल्लं बाहेर येतात आणि काही काळ आईच्या पोटाखालीच राहतात. गोड्या पाण्यातल्या पुष्कळ जातींत मादीचं कवच कडक असतानाच मीलन होतं. त्यामुळे चिंबोरीच्या निबंधावरून 'कात टाकायच्या बेतातल्या मादीचा गंध' असा प्रयोग आखून तो बॅरिटेल्फ्यूसावर चालवलात, तर जे संकेत मुळात अपेक्षितच नाहीत त्यांची वाट बघत बसाल. फिडलर खेकड्यांतही मीलन कडक कवचातच होतं, आणि नर मादीला बोलावतो तो नांगी हलवून. लांबून गंध सोडून बोलावण्याचा प्रयोग तिथे मांडू नये.

नमुने आणण्याबद्दल दोन गोष्टी. विश्वामित्री नदीत मगरी आहेत; पुलाखाली काठ कितीही शांत दिसो, हात घालून बिळं उकरायची नाहीत. आणि कंबोईच्या चिखलपट्टीवर जायचं तर भरती-ओहोटीचं कोष्टक आधी. खंबातच्या आखातात पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, स्तंभेश्वराचं देऊळ त्यात रोज बुडतं. याच कंबोईवरून २०१५ मध्ये एका नव्या खेकड्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि त्याचं नाव ठेवलं इलिओप्लॅक्स सयाजीराओई. बडोदेकरांना हे ठाऊक असायला हवं.

कातीचा टप्पा न नोंदवणं

एकच गोष्ट सुधारता येणार असेल, तर ही सुधारा. कात आणि अंडाशय एकाच साठ्यातून खातात आणि एकाच देठाच्या ताब्यात असतात. कोवळ्या मादीचा देठ कापला तर ती बहुतेकदा कात टाकायला लागते. प्रजननाच्या हंगामातल्या पूर्ण वाढलेल्या मादीचा कापला तर अंडाशय भरायला लागतं. दोन्ही प्रकारच्या माद्या एकाच गटात टाकल्या की सरासरी कशाचीच राहत नाही.

मादी वयात आली का, ते पोटाखालचं झाकण सांगतं. अल्पवयीन मादीचं झाकण त्रिकोणी आणि फिकट, प्रौढ मादीचं रुंद, अर्धगोल, गडद आणि कडेला केसांची झालर असलेलं. कातीचा टप्पा बघायला चिंबोरीच्या शेवटच्या, वल्ह्यासारख्या पायाची कड किंवा पोटाखालच्या उपांगाचं टोक कापून थेंबभर सलाइनमध्ये १०० पट विवर्धनाखाली धरा. त्वचा कवचाला चिकटलेली दिसली तर मधला टप्पा, सी. त्वचा मागे सरून कवच आणि तिच्यामध्ये स्वच्छ फट दिसली तर डी-शून्य, म्हणजे पुढच्या कातीची तयारी, सुरू झाला. त्या फटीत नव्या केसांची टोकं दिसायला लागली की डी-एक आणि पुढे. शिकायला दोन दिवस पुरतात, नंतर प्राण्यामागे पाच मिनिटं.

पाय तुटलेले खेकडे स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. एकाच वेळी बरेच पाय गेले तर तेवढ्यानेच वेळेआधी कात सुरू होते. जमिनीवरच्या गेकार्सिनस खेकड्यावर हे पुष्कळदा दाखवलं गेलंय. तुटलेल्या जागी नव्या पायाची कळी उगवली असेल तर ती मात्र उपयोगाची आहे. कळीची लांबी भागिले कवचाची रुंदी गुणिले शंभर, हे आर-मूल्य दर तीन दिवसांनी नोंदवा. वाढ थबकलेली असली तर प्राणी निवांत आहे. सरसर वाढू लागली तर कात जवळ येतेय. तुटका पाय वजनातही घोळ घालतो. अंडाशयाचं वजन भागिले शरीराचं वजन, हे जीएसआय दोन नांग्या नसलेल्या मादीत विनाकारण मोठं दिसतं. म्हणून जीएसआयच्या जोडीला प्रत्येक मादीच्या निदान पन्नास अंडपेशींचा व्यास मोजलेला असावा.

अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असं खवय्ये सांगतात. प्रयोगासाठी चंद्र नको, वल्ह्याची कड बघा. नुकती कात टाकलेल्या खेकड्यात मांसापेक्षा पाणी जास्त असतं, तो हलका लागतो.

देठ कापताना

हार्मोन बनवणाऱ्या एक्स-ऑर्गनच्या पेशी देठात बुडाकडच्या भागात असतात. साठवणारी सायनस ग्रंथी त्यांच्या वर. डोळ्याचं काळं टोक तेवढं छाटलं तर कारखाना जागेवरच राहतो, आणि 'काहीच फरक पडला नाही' असा निकाल हाती येतो. कापायचं ते बुडाच्या मऊ पडद्यावर.

आधी खेकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बर्फाच्या चुऱ्यात पुरा. खाऱ्या पाण्यातल्या प्राण्याला वितळलेलं गोडं पाणी लागू द्यायचं नाही, पिशवी त्यासाठी. पंधरा-वीस मिनिटांत पाय ढिले पडतात, डोळ्याला स्पर्श केला तरी तो खोबणीत ओढला जात नाही. मग बारीक कात्रीने एका झटक्यात कापा आणि लगेच तापवलेल्या चिमट्याने जखम डागा. चिमट्यात देठ धरून दाबत बसू नका. दाबाने सायनस ग्रंथीतला साठा एकदम रक्तात सुटू शकतो, मग पहिल्या दिवसाची ग्लुकोजची मापं फसवी येतात. दोन्ही देठ एकदम काढले की मरतूक वाढते, आणि जगलेले बरेचसे कातीकडे वळतात. प्रजननाचा प्रश्न असेल तर एकच देठ काढा.

नियंत्रण गटात नुसते न छेडलेले खेकडे ठेवणं पुरत नाही. बर्फ, हाताळणी आणि देठाच्या त्वचेवर एक छोटी जखम, इतकं सगळं केलेला पण देठ शाबूत असलेला गट हवाच.

कापलेले देठ फेकू नयेत. ते थंड सलाइनमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर ठेवा, वरचं कवच उघडा आणि बाजूने प्रकाश पाडा. डोळ्याच्या करड्या चेताऊतींच्या कडेला एक निळसर-पांढरा, मोत्यासारखा चमकणारा ठिपका दिसतो, ती सायनस ग्रंथी. हार्मोनचे कण तिथे ठासून भरलेले असतात, चमक त्यांची. देठाचा अर्क करायचा तर वाटल्यावर उकळत्या पाण्यात काही मिनिटं धरला तरी चालतो. ही पेप्टाइडं उष्णता सोसतात आणि त्यांना तोडणारी एन्झाइमं मरतात. याला नियंत्रण म्हणून तेवढ्याच वजनाच्या पायाच्या स्नायूचा अर्क.

डोस मोजताना मिठाचा हिशेब विसरणं

चेतापेशींचे संदेशवाहक रेणू टोचून पाहिले तर सेरोटोनिन अंडाशयाला चालना देतं, डोपामिन रोखतं. हे अनेक जातींत दिसलंय. पण बाटलीत शुद्ध सेरोटोनिन नसतं, त्याचं मीठ, म्हणजे आम्लाबरोबरचं संयुग (सॉल्ट), असतं. मूळ रेणूचं वजन १७६.२, हायड्रोक्लोराइडचं २१२.७, क्रिएटिनिन सल्फेट मोनोहायड्रेटचं ४०५.४. ५० ग्रॅमच्या खेकड्याला ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम द्यायचं ठरलं, तर ५०० मायक्रोग्रॅम सेरोटोनिनसाठी हायड्रोक्लोराइड सुमारे ६०४ मायक्रोग्रॅम लागतं आणि क्रिएटिनिन सल्फेट सुमारे १,१५०. लेबल न वाचता सल्फेटचे ५०० तोलले तर निम्म्याहून कमी डोस जातो. मग 'आमच्या खेकड्यात परिणाम दिसला नाही' म्हणून वेगळी जात, वेगळा हंगाम अशी कारणं शोधली जातात.

दोन्ही द्रावणं उजेडात आणि हवेत बिघडतात. त्याच दिवशी करा, कुपी फॉइलमध्ये गुंडाळून बर्फावर ठेवा. डोपामिनचं द्रावण तपकिरी झालं की ओतून द्या. सेरोटोनिन टोचल्यावर रक्तातली साखरही चढते, कारण ते देठातलं सीएचएच सोडायला लावतं. अंडाशयावरचा परिणाम देठामार्फत की थेट, हे विचारायचं असेल तर देठ असलेले आणि नसलेले असे दोन्ही गट लागतात.

मिथिल फार्नेसोएटची गोष्ट वेगळी. मॅन्डिब्युलर ऑर्गनमध्ये बनणारा हा रेणू १९८७ मध्ये स्पायडर क्रॅबमध्ये सापडला. आपल्याकडच्या भातशेतीतल्या ओझिओटेल्फ्यूसा खेकड्यातही तो टोचल्यावर अंडाशय वाढतं. पण तो पाण्यात विरघळत नाही. थेट सलाइनमध्ये टाकलात तर थेंब होऊन प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतो, खेकड्याला सलाइनच मिळतं. आधी इथेनॉलमध्ये स्टॉक करा, उणे २० अंशांवर काळोखात ठेवा, टोचण्याच्या क्षणी सलाइनमध्ये मिसळून जोरात हलवा आणि काचेची सिरिंज वापरा. तेवढंच इथेनॉल घातलेलं सलाइन नियंत्रण गटाला द्यायचं. विकत घेताना सर्व-ट्रान्स रूपच मागा.

सुई शेवटच्या चालायच्या पायाच्या बुडाशी असलेल्या मऊ पडद्यातून, तिरकी आणि उथळ. सरळ खोल घातली तर आत काय फुटलं ते नंतर चिरफाडीतच कळतं. १०० मायक्रोलिटरपेक्षा जास्त द्रव एका वेळी नको, आणि सुई काढल्यावर थेंब बाहेर आला तर तो प्राणी यादीतून वगळा.

रक्त आणि किट

खेकड्याचं रक्त मिनिटाभरात गोठतं. सिरिंजमध्ये आधीच प्रतिगोठण द्रावण भरलेलं असावं, एकास एक: ०.१ मोलर ग्लुकोज, ३० मिलिमोलर ट्रायसोडियम सायट्रेट, २६ मिलिमोलर सायट्रिक आम्ल, १० मिलिमोलर ईडीटीए, पीएच ४.६, मीठ गोड्या पाण्यातल्या खेकड्याला ०.१४ मोलर, समुद्री खेकड्याला ०.४५. यातल्या ग्लुकोजकडे लक्ष द्या. साखर मोजायची असेल तर हे द्रावण चालणार नाही, ग्लुकोज वगळून करावं लागेल. ही चूक इतकी साधी आहे की कुणाच्या लक्षात येत नाही.

पकडापकडीनेच साखर चढते, म्हणून पहिला नमुना टाकीतून काढल्याबरोबर, आणि रोज ठरलेल्या वेळी.

माणसांसाठीच्या इस्ट्राडायोल-प्रोजेस्टेरॉन एलायझा किटवर (प्रतिपिंडं वापरून हार्मोन मोजणारा संच) खेकड्याचं रक्त घातलं तर आकडा येतोच. त्या आकड्यावर 'खेकड्याचं इस्ट्रोजेन' उभं करणं धाडसाचं आहे. संधिपाद प्राण्यांच्या जिनोममध्ये इस्ट्रोजेन ओळखणारा रिसेप्टर सापडत नाही, आणि किटची प्रतिपिंडं भलत्याच रेणूंना चिकटू शकतात. निदान इतकं तरी करा: नमुना दोन, चार, आठ पट पातळ करून त्याचा आलेख प्रमाण द्रावणाच्या आलेखाला समांतर जातो का ते बघा. नाही गेला, तर तो आकडा प्रबंधात घालू नका.

गंधाच्या चाचण्या का फसतात

खाऱ्या पाण्यातल्या ज्या जातींत मऊ कवचाच्या मादीशी मीलन होतं, तिथे कातीआधीच्या मादीचं मूत्र नराला खेचतं. १९६६ मध्ये पोर्ट्युनस सँग्विनोलेंटस या समुद्री खेकड्यावर ते प्रथम दाखवलं गेलं. मग बरीच वर्षं समजूत होती की हा गंध म्हणजे कातीचं हार्मोन, २०-हायड्रॉक्सिएक्डायसोन. ती टिकली नाही. कार्सिनस मेनास या समुद्री खेकड्यात मादीच्या मूत्रातली यूडीपी आणि यूटीपी ही न्यूक्लिओटाइडं नराला मीलनाच्या हालचाली करायला लावतात, आणि कातीचं हार्मोन नराची खाण्याची इच्छा मारतं. मऊ पडलेल्या मादीला नराने खाऊ नये, यासाठी याहून सोयीची व्यवस्था सुचणार नाही. म्हणून २०-हायड्रॉक्सिएक्डायसोनची बाटली आणून 'फेरोमोन चाचणी' लावणं म्हणजे जुनी चूक नव्याने करणं.

टाकीतलं पाणी हे मूत्र नव्हे. त्यात विष्ठा, उरलेला झिंगा, जिवाणू सगळं असतं. मूत्ररंध्र लांब स्पर्शिकेच्या बुडाशी असतं आणि त्यावर छोटं झाकण असतं. ती जागा टिपकागदाने कोरडी करा, बोथट वाकड्या सुईने झाकण हलकेच उचला, येणारा द्रव मायक्रोपिपेटने खेचा. सुई जराशी टोचली तरी रक्त मिसळतं. प्रत्येक नमुन्याच्या थेंबावर प्रथिनाची ब्रॅडफर्ड चाचणी करा, गडद निळा आला तर तो टाकून द्या. न्यूक्लिओटाइडं जिवाणू झपाट्याने फोडतात, मे महिन्यातल्या बडोद्यात तर विचारूच नका. नमुना थेट बर्फावर, आणि त्याच दिवशी वापरायचा नसेल तर उणे ८० अंशांवर.

नर गंध घेतो तो छोट्या स्पर्शिकांच्या बाहेरच्या फाट्यावरच्या केसांनी, त्या झटके देत हलवून. चाचणीआधी दोन्ही शाबूत आहेत का बघा. पिशवीतल्या मारामारीत त्या हमखास तुटतात. साचलेल्या पाण्यात थेंब सोडला तर तो नरापर्यंत पोचला का, हे कळायला मार्ग नाही. सावकाश वाहता प्रवाह ठेवा आणि आदल्या दिवशी खायच्या रंगाचा थेंब सोडून तो कुठून जातो, किती सेकंदांत पोचतो ते नोंदवा. खेकडा नसताना करायचं हे काम आहे.

उपाशी नर कुठल्याही वासावर धावतो. चाचणीच्या आदल्या रात्री पोटभर खाऊ घाला. आणि 'नर हलला' याला प्रतिसाद धरू नका. स्पर्शिकांचे झटके वाढणं वेगळं, शोधत फिरणं वेगळं, आणि गंध लावलेला स्पंजचा तुकडा पोटाखाली ओढून धरून ठेवणं वेगळं. शेवटची खूण खरी. किती सेकंद धरला म्हणजे मोजायचं, ते आधी लिहून ठेवा. तुलनेला निदान तीन द्रव हवेत: समुद्राचं पाणी, मधल्या टप्प्यातल्या मादीचं मूत्र, नराचं मूत्र. नळ्यांवर फक्त आकडे, आणि गुण देणाऱ्याला त्या आकड्यांचा अर्थ ठाऊक नसावा. दहा नरांवर तीन-तीन वेळा चाचणी केली तर नमुन्यांची संख्या दहाच, तीस नाही. चिंबोरी रात्रीची आहे, दुपारच्या ट्यूबलाइटखाली ती कोपरा सोडणार नाही. लाल दिवा लावा.

नराची ग्रंथी

नरपण घडवणारी अँड्रोजेनिक ग्रंथी वीर्यनलिकेच्या शेवटच्या भागाला, पाचव्या पायाच्या बुडाजवळ चिकटलेली बारीक पट्टी असते. वृषण ओढून काढलं की ती स्नायूतच राहून जाते. पायाच्या बुडासकट तुकडा कापून ऊती टिकवणाऱ्या बुआँ द्रावणात २४ तास ठेवा, मग पिवळेपणा जाईपर्यंत ७० टक्के अल्कोहोल बदलत राहा. गोड्या पाण्यातल्या जंबो कोळंबीत या ग्रंथीचं आयएजी हार्मोन बनवणारं जनुक बंद करून नरांच्या माद्या करता आल्या, म्हणून एका डिझर्टेशनच्या मुदतीत चिंबोरीतही ते होईल अशी आशा धरू नये.

अंडी गळली तर आधी टाकी तपासा

देठ कापलेल्या चिंबोरीने अंडी घातली आणि ती पोटाखाली न राहता काचेच्या तळावर पसरली, तर दोष बहुधा हार्मोनचा नसतो. सायलाच्या मादीला अंडी उपांगांच्या केसांना चिकटवताना खाली वाळू लागते. १० सेंटिमीटर बारीक धुतलेली वाळू, क्षारता हजारी ३० च्या आसपास, तापमान २८ ते ३० अंश. नळाचं पाणी वापरून क्षार घालत असाल तर क्लोरीन काढा: दर मिलिग्रॅम क्लोरीनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम सोडियम थायोसल्फेट, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या १०० लिटर पाण्याला ७०० मिलिग्रॅम.

मादी एकटी ठेवली होती, तरी अंडी फलित निघाली म्हणून चक्रावू नका. आधीच्या मीलनाचे शुक्राणू ती शुक्रकोशात महिनोन्महिने सांभाळते. उलट नारिंगी अंडी दहा-बारा दिवसांत तपकिरी-काळी न होता तशीच फिकट राहिली, तर शुक्रकोश उघडून बघा, तो रिकामा असण्याची शक्यता आहे. अंडी काळी पडल्यावर मादी पोटाचं झाकण जोरात हलवायला लागली की तिला त्रास होतोय असं समजून पाणी बदलायला जाऊ नका. रिथ्रोपॅनोपियस खेकड्यात दिसलंय की फुटणाऱ्या अंड्यांतून सुटणारी छोटी पेप्टाइडं, ज्यांच्या शेवटी आर्जिनिन असतं, मादीला तसं हलवायला लावतात, आणि त्या हलवण्याने उरलेली अंडी फुटतात. त्याच वेळी पाणी बदललं तर हा संकेतच धुऊन जातो. त्या रात्री फक्त हवा चालू ठेवा आणि झोइया सकाळी मोजा.